वर्गात वेडावणारी मुलगी

1970 च्या दशकात शाळांमधून मुलांची वैद्यकीय तपासणी करण्याचे काम माझ्याकडे होते. त्या काळी रांगेतले मूल पुढ्यात येईपर्यंतच त्याचे दुखणे बहुधा ओळखता येई: बोटांच्या बेचक्यांतली खरूज, उवांमुळे खाजवून चिघळलेले डोके, वाहणारा कान, जंतांनी पांढुरकी झालेली पापणीची आतली बाजू. बुबुळाच्या कडेला फेसाळ डाग दिसला की अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची नोंद होई आणि संध्याकाळनंतर मूल ठेचकाळते का, हे विचारले जाई. उपचार ठरलेले असल्यामुळे एका मुलामागे फार वेळ जात नसे.

त्या दिवशी रांग संपत आली असताना वर्गशिक्षिका एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीला हाताला धरून घेऊन आल्या. ‘‘डॉक्टर, हिला काही आजार नाही, पण हिला जरा समज द्या,’’ असे त्या म्हणाल्या. महिन्याभरापासून तिचे अक्षर बिघडले होते, हातातून पेन्सिल गळून पडत होती, ती एका जागी स्थिर बसत नव्हती आणि बाईंकडे पाहून वेडावत होती. रागावले की लगेच रडत असल्यामुळे बाईंना ते सारे ढोंग वाटत होते आणि त्यासाठी तिला वर्गाबाहेर उभेही केले गेले होते.

मी तिला जीभ बाहेर काढून तशीच धरायला सांगितले. जीभ क्षणभरही बाहेर राहीना. ती आत-बाहेर होत राहिली. माझी दोन बोटे तिला घट्ट धरायला लावली, तेव्हा तिची पकड गाय दोहणाऱ्या हातासारखी आवळत आणि सैलावत होती. दोन्ही हात डोक्यावर उचलताच तळवे आपोआप बाहेरच्या बाजूला वळले. त्याच शाळेत शिकणाऱ्या तिच्या मोठ्या भावाला बोलावून विचारले, तेव्हा झोपेत ती अगदी शांत असते, असे त्याने सांगितले. काही महिन्यांपूर्वी तिचा घसा सुजून ताप आला होता, हेही त्याच्याकडूनच कळले. मग स्टेथोस्कोप लावला, तर हृदयाच्या टोकाशी झडपेतून रक्त मागे गळत असल्याचा स्पष्ट आवाज होता.

हा सिडनहॅमचा कोरिया, म्हणजे हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या हालचाली आपोआप होत राहण्याचा आजार होता. थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने 1686 मध्ये त्याचे वर्णन केले होते. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मेंदूतील हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावरही हल्ला करतात, आणि घशाच्या अशा संसर्गामागून येणाऱ्या या आजारात, म्हणजे रुमॅटिक तापात, हृदयाच्या झडपाही सापडतात. कोरिया 5 ते 15 वर्षे वयात आणि मुलींत अधिक दिसतो. चटकन रडू येणे हेही त्याचेच लक्षण असते, हे मी बाईंना मुद्दाम समजावून सांगितले. आमच्या तपासणीपत्रकात दात, टॉन्सिल, डोळे यांसाठी रकाने होते, शिक्षकांच्या तक्रारीसाठी मात्र एकही नव्हता. माझ्या मते तो पहिला असायला हवा होता.

मुलीला मोठ्या रुग्णालयात पाठवले. मुलीला वेड लागले नाही, हे वडिलांना पटवण्यात मात्र बराच वेळ गेला. तिच्या हालचाली काही महिन्यांत थांबल्या आणि अक्षर पूर्ववत झाले. हृदयातला आवाज पुढच्या तपासणीतही कायम होता, त्यामुळे घशाचा तो संसर्ग पुन्हा होऊ नये म्हणून दर 3 आठवड्यांनी द्यावयाचे बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन कित्येक वर्षे चालू ठेवणे भाग होते. त्याच्या तारखा बाईंनी हजेरीपटातच तिच्या नावापुढे लिहायला घेतल्या होत्या.