वीणेचा पहारा

दिंडी चालू असताना वीणा खाली टेकवत नाहीत. पट्टा गळ्यात, वीणा छातीशी उभी आणि तारेवर बोट. वीणेकऱ्याला पाणी प्यायचं असलं तरी आधी दुसऱ्याच्या गळ्यात वीणा द्यायची आणि मगच बाजूला व्हायचं. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, अकरा वर्षं आमच्या दिंडीची वीणा वाहतात. यंदा चौदा दिवस मी त्यांच्या पुढं टाळकऱ्यांच्या रांगेत चाललो.

सोळा वर्षांच्या नोकरीत आषाढात सुट्टी कधी जुळलीच नव्हती. कधी गावच्या यात्रेला मिळाली, कधी बहिणीच्या लग्नाला, एकदा आईच्या ऑपरेशनला. यंदा जुळली, कारण पलटण ग्लेशियरला चाललीय आणि वर चढण्याआधी प्रत्येकाला घरी जाऊन या म्हणून सांगितलंय. पलटणीचं नाव, चढायची तारीख इथं लिहीत नाही, लिहायची नसते. आत्ता रेल्वेत आहे. चंदीगडला हजर व्हायचंय.

ग्लेशियर म्हणजे सियाचीन. 76 किलोमीटर लांबीची बर्फाची नदी. 13 एप्रिल 1984 ला आपले जवान तिथल्या खिंडीत उतरले, आणि तेव्हापासून तिथला पहारा एक दिवस उठलेला नाही. 2003 च्या नोव्हेंबरात शस्त्रसंधी झाली, तोफा थांबल्या. पण तिथं गोळीनं गेले त्यापेक्षा थंडीनं, हिमकड्यांनी आणि विरळ हवेनं गेलेले जवान जास्त आहेत. हिवाळ्यात पारा उणे 50 च्या खाली जातो. उघड्या हातानं बंदुकीचं लोखंड धरलं तर कातडी चिकटून निघते. वर आधी जाऊन आलेल्या उस्तादांनी हे सगळं सांगितलंय. मी पहिल्यांदाच चाललोय.

निघायच्या आदल्या रात्री मुलीनं विचारलं, "पप्पा, तिथं कोण राहतं?" ती सात वर्षांची आहे.

"कुणी नाही राहत. नुसता बर्फ."

"मग राखण कुणाची करायची?"

शाळेत शिकवतात ते सगळं उत्तर मला येतं. खिंडी, उंची, पलीकडं कोण आहे, आपण खाली उतरलो तर उद्या काय होईल. ते तिला सांगितलंही. ती ऐकून झोपली. मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही.

घरी सगळ्यांना ठाऊक होतं. नानांना मी फक्त "लडाखला पोस्टिंग आलंय" एवढंच सांगितलं होतं.

आळंदीला महाद्वारात शिरताना पहिल्या पायरीशी सगळे वाकतात. ती हैबतबाबांची पायरी. हैबतबाबा आमच्या साताऱ्याकडचे, आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार. गावाकडं परत येताना वाटेत भिल्लांनी पकडून गुहेत कोंडलं, तिथं हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटले, असं सांगतात. पुढं आळंदीतच राहिले आणि एकोणिसाव्या शतकात माऊलींच्या पालखीला आजचं रूप दिलं. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं, पण चालायला लागल्यावर पटलं की ही घडी सैनिकानंच बसवलेली असणार. रथापुढं दिंड्या, रथामागं दिंड्या, प्रत्येकीचा नंबर ठरलेला, त्यात पुढं-मागं चालत नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन घोडे, एकावर स्वार, दुसरा रिकामा, माऊलींचा. तुतारी, चोपदार, तळ ठोकणं, तळ उठवणं.

संध्याकाळची समाजआरती तर मी रोज डोळे भरून बघितली. लाखभर माणूस तळावर गोल उभं राहतं. चोपदार हातातला दंड वर करतो आणि एका क्षणात सगळे टाळ बंद. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात. चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, निवाडा करतो. मग हरवल्या-सापडल्याचं पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा चष्मा. एका सांजेला एका म्हाताऱ्या माणसाची चुकामूक झाली होती, त्याचं गाव आणि दिंडीचा नंबर पुकारला, आणि तो कुठूनतरी माणसांतून वाट काढत आला. आमच्याकडं गिनतीला एक माणूस कमी भरला की सगळी पलटण झोपत नाही. इथंही तसंच.

पुण्याहून सासवड हा सगळ्यात लांब टप्पा, त्यात एकादशीचा उपास. दिवे घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. वळणावरून खाली बघितलं की सगळा घाट पांढऱ्या टोप्यांचा आणि पताकांचा झालेला असतो. पिट्टू घेऊन रुट मार्च करणारा माणूस मी, मला घाटाचं काय, असं वाटत होतं. नवीन बुटांनी सासवडला दोन्ही टाचांना फोड आणले. नाना साध्या चपलेवर चढले, वीणा गळ्यात घेऊन, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी.

जेजुरीला भंडाऱ्यात न्हाऊन निघालो. वाल्ह्याच्या वाटेवर एक आजी शेजारून चालत होत्या. डोक्यावर तुळस, कमरेला पिशवी. माझ्या बारीक केसांकडं बघून म्हणाल्या, "मिलिट्रीत हाईस का रं माऊली?"

"होय आजी."

"मग एक सांग मला. छाती किती फुगवाय लागती?"

पाच सेंटिमीटर, म्हटलं. त्यांचा नातू भरतीची तयारी करतोय, पहाटे चारला उठून डांबरी रस्त्यावर पळतो. सोळाशे मीटर किती वेळात, उंची किती, सगळं त्यांनी एकेक करून विचारून घेतलं. "आता चारच वर्सं ठिवत्यात म्हणं. चार तर चार. ह्या वारीला त्याचंच मागणं घालून आलीया." मी सांगितलं, डांबरीवर पळू नको म्हणावं, गुडघे जातात, मातीवर पळ. त्यांनी मान डोलावली. जरा चालल्यावर म्हणाल्या, "आन तुजी आई काय मागती रं?"

मी बोललो नाही. माझ्या आईनंही सतरा वर्षांपूर्वी हेच मागितलं होतं, पोरगं भरती होऊ दे. चार एकर कोरडवाहू, पाऊस पडला तर बाजरी, नाहीतर चारा छावणी. माण-खटावाकडचं कुठलंही घर घ्या, देशसेवा हा शब्द घरात येण्याआधी दुष्काळ आलेला असतो. मी पगारासाठी भरती झालो, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. देश मला पलटणीत गेल्यावर कळला, आणि या रस्त्यावर आणखी कळला. जालन्या-परभणीकडची माणसं पेरून आलेली होती, पाऊस पडेल की नाही याचा भरवसा नाही, आणि रस्त्याकडेच्या एका पालातली बाई स्वतःचं पिठलं संपलं तरी पुढच्या पंगतीसाठी शेजारच्या पालातून पीठ मागून आणत होती. मी तिचं नाव विचारलं नाही, तिनं माझं विचारलं नाही. माऊली म्हणाली आणि ताटात वाढलं. राखण कुणाची असं मुलगी पुन्हा विचारेल तेव्हा मला या बाईपासून सुरुवात करता येईल, असं वाटून गेलं.

नीरेच्या पुलावरून पालखी आमच्या जिल्ह्यात येते. पादुकांना नीरास्नान घालतात. लोणंदला आई, बायको आणि मुलगी भेटायला आल्या होत्या, बाजरीच्या भाकरी आणि ठेचा घेऊन. आई नानांच्या पाया पडली ती वीणेच्या म्हणून. बायको माझ्याशी बोलली ते सगळं साधंच: बँकेचं पासबुक कुठं आहे, मुलीच्या दप्तराचा पट्टा तुटलाय, विम्याच्या कागदावर तिची सही राहिलीय का. सही राहिली होती. लोणंदच्या तळावर, वीजेच्या खांबाला टेकून तिनं ती केली. मग कागदाची घडी घालून मलाच परत दिली आणि पदरानं पेन पुसलं, पेनाला काही लागलेलं नसताना.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. घोडा अगदी अंगावरून गेला, त्याच्या टापेखालची माती मी कपाळाला लावली. त्या रात्री तरडगावला तंबूत मी बूट काढून बसलो होतो. नाना तेलाची बाटली आणि सुई-दोरा घेऊन आले. फोडातून दोरा आरपार ओवून तसाच ठेवला, त्यानं पाणी निथळतं. मग तेल लावायला बसले. मी पाय मागं घेतला, वडिलांनी पायाला हात लावायचा म्हणजे कसंतरी होतं. त्यांनी घोटा धरून पाय परत मांडीवर घेतला.

तळव्याला, टाचेला चोळून झालं, मग बोटं. कंदिलाच्या उजेडात एकेक बोट वेगळं करून, चिमटीत धरून बघितलं. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत. मग दुसऱ्या पायाची.

"बोटं जपायची," म्हणाले. "पयली बोटंच जात्यात म्हणं तिथं. काळी पडत्यात आन मग कळतबी न्हाई."

मी गप्प. तंबूत बाकीचे झोपलेले होते.

"सुभेदारानं सांगितलं मला. लडाख लडाख करतूयास, पर बर्फावर चालल्यालाईस ते." सुभेदार म्हणजे आमच्या आळीतले, रिटायर झालेले. "मोजा वला ऱ्हाऊ द्याचा न्हाई. रोज रातीला बघायची, दहाच्या दहा."

"व्हय नाना."

"दोरीला बांधत्यात न्हवं एकमेकाला?"

"व्हय. बर्फाखाली भेगा असत्यात. एक पडला तर बाकीच्यांनी वढून धरायचा."

"मग झालं," म्हणाले, आणि बाटलीचं झाकण लावलं.

नाना झोपले, मी जागाच होतो. मला आमच्या गावचा सप्ताह आठवला. सात दिवस, रात्रंदिवस, देवळात वीणा उभी असते, आणि दोन-दोन तास आळीपाळीनं माणसं ती घेऊन उभी राहतात. त्याला आमच्याकडं पहाराच म्हणतात. नानांनी कायम रात्री दोन ते चारचा मागून घेतला, कारण तो कुणाला नको असतो. मी दहा-अकरा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर गेलो होतो. देवळात कुणी नव्हतं. समई, एक झोपलेलं कुत्रं आणि नाना. मी विचारलं, नाना, ऐकायला तर कुणीच न्हाई. ते म्हणाले, "म्हणून तर हुबं ऱ्हायचं." एवढंच. तार वाजत राहिली. चार वाजता पुढचा माणूस घोंगडी पांघरून आला तेव्हा त्याच्या गळ्यात वीणा देऊनच नाना खाली बसले.

मुलीनं विचारलेलं मला त्या रात्री तरडगावात परत ऐकू आलं. उत्तर सापडलं की नाही ठाऊक नाही, पण झोप लागली.

बरडच्या पुढं, सोलापूर जिल्ह्यात शिरताना, ऊन तापलं होतं. नानांनी मागून हाक मारली. मी टाळ शेजारच्याकडं दिले आणि गेलो. त्यांनी पट्टा डोक्यावरून काढला आणि माझ्या गळ्यात घातला. तार माझ्या बोटाखाली येईपर्यंत त्यांनी स्वतःचं बोट काढलं नाही. आणि मग ते वाकले.

वारीत वीणा देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात, ही रीत मला ठाऊक आहे. पण नानांचं डोकं माझ्या पायाशी आलं, त्या दोऱ्याच्या फोडांवर टेकलं, तेव्हा मला खाली वाकता येईना, कारण वीणा माझ्याकडं होती आणि ती सांभाळायची होती. त्यांच्या मानेवरचा उन्हानं भाजलेला, घामाचे मीठ साचलेला पट्टा मी वरून बघत होतो. ते उठले, टाळ घेतले आणि रांगेत माझ्या जागेवर जाऊन उभे राहिले. नातेपुत्याच्या अलीकडच्या विसाव्यापर्यंत वीणा मी वाहिली. तिचं वजन काहीच नाही. बोट मात्र सोलून निघालं.

वेळापूरला धाव्याला धावलो. तिथल्या टेकडीवरून तुकोबांना पंढरपूरचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, म्हणून सगळे धावतात. म्हातारी माणसं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. मीही धावलो. कळस काही दिसला नाही, पुढच्या माणसाची पाठ दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालखी भंडीशेगावाकडं निघाली आणि मला मागं फिरायचं होतं. सुट्टी तेवढीच होती. पंढरपूर दोन दिवसांवर राहिलेलं. पालखीच्या रस्त्याला गाड्या बंद, त्यामुळं एसटी मिळेपर्यंत उलटं चालत जावं लागणार होतं. दिंडी उभी राहिली, नानांनी वीणा गळ्यात घातली, भजन सुरू झालं. मी पाया पडलो. दोन्ही हात वीणेला असल्यानं त्यांना पाठीवर हात ठेवता आला नाही. हनुवटी किंचित खाली केली. तार वाजतच होती. दिंडी हलली.

मी सॅक पाठीवर घेतली आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागलो. समोरून दिंड्यांवर दिंड्या येत होत्या आणि मी एकटा त्यांच्या विरुद्ध. बरीच माणसं थांबून, वाकून, माऊली म्हणत बाजूनं जात होती. एका दिंडीतल्या पताकावाल्या म्हाताऱ्यानं माझा दंड धरला, मला वाट चुकलीय असं त्याला वाटलं असणार.

"माऊली," तो म्हणाला, "पंढरपूर तिकडं हाय."

"व्हय माऊली," म्हटलं, "येतो मागनं."