आधी विचारलेला प्रश्न

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. फॉर्म अजून तसाच उघडा आहे.

माझ्या बोक्याच्या, गोट्याच्या विम्याचा. नाव, वय, रंग, नर की मादी, नसबंदी झाली आहे का, हे सगळं भराभर लिहिलं. पुढचा रकाना होता, 'प्राणी विकत घेतला असल्यास किंमत'. तिथे शून्य घातलं आणि हात थांबला. तो विकत घेतलेला नाही, त्यामुळे उत्तर बरोबरच आहे. पण त्या चौकोनातलं शून्य बघितलं आणि मला मनी आठवली, माझी आधीची मांजर. मग पुढचं काही भरता येईना.

मनीच्या वेळी डॉक्टर म्हणाले, ॲडमिट करावं लागेल. आणि मी विचारलं, "किती खर्च येईल?"

वाचेल का, हे नंतर विचारलं. मध्ये फार तर अर्धं मिनिट गेलं असेल. डॉक्टरांना ते आठवतही नसेल. ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, सगळेच विचारतात." विचारत असतील. पण मी विचारलं तेव्हा मनीचं डोकं माझ्या तळहातावर होतं.

पैसे भरले होते. सगळे भरले. त्यानंतरचे चार दिवस मला आज लिहायचे नाहीत.

ताईचं म्हणणं, जो बोका दाराबाहेर पाऊल टाकत नाही त्याचा विमा कशाला? गाडीखाली येणं नाही, दुसऱ्या बोक्यांशी मारामारी नाही, चावे नाहीत, त्यातून पसरणारे आजार नाहीत. हे खरंच आहे, घरातली मांजरं म्हणूनच जास्त जगतात. पण घरातही दोरा असतो. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा बाहेर टाकणं त्याला जमत नाही, तो आतच जातो. एक टोक जिभेखाली अडकतं, दुसरं पोटात पुढे सरकत राहतं, आणि धावदोरा ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात तशी आतडी गोळा होतात. फुलदाणीतल्या लिलीचे पराग अंगावर सांडले आणि त्याने अंग चाटलं, तर दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडं जाऊ शकतात. लिली मी घरात आणत नाही. दोरे डब्यात ठेवते. तरी कालच कपाटाखाली एक सापडला.

आणि बोक्यांचं लघवी अडकणं. ते तर घरात बसून राहणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या, अंगाने सुटलेल्या बोक्यांतच जास्त दिसतं. मूत्रमार्ग मुळात अरुंद, त्यात खडा किंवा चिकट बुच बसलं की लघवी बंद. रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात. वेळेत कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घातला नाही तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. मनाची तयारी करायलाही वेळ मिळत नाही.

गेल्या वर्षी गोट्या एका संध्याकाळी तीनदा लिटर बॉक्समध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीत, जाऊन बसला. बसायचा, शेपटी थरथरायची, बाहेर येऊन स्वतःला चाटत राहायचा. लिटर कोरडंच. तिसऱ्या वेळी त्याने घशातून एक आवाज काढला, खालच्या पट्टीतला, मी त्याआधी त्याचा कधी न ऐकलेला. तशीच उचलून नेला. मूत्राशय भरलेलं नव्हतं. लघवी अडकली नव्हती, नुसती जळजळ होती, मांजरांना ताणानेही होते म्हणे. औषधं झाली, पाणी वाढवलं, आठवड्यात उड्या मारायला लागला. त्याच्या फाइलमध्ये त्याची एक ओळ आहे. एकच.

फॉर्ममध्ये विचारलंय, 'यापूर्वी कोणत्याही आजाराची लक्षणे दिसली आहेत का?' हो म्हटलं की मूत्रमार्गाचं सगळंच बहुधा विम्याबाहेर जाणार. आधीपासूनचा आजार म्हणून. म्हणजे ज्या एका गोष्टीची मला धास्ती आहे, नेमकी तीच वगळून बाकी सगळ्याचा विमा. तो एक वर्षाचा होता तेव्हाच काढला असता तर? तेव्हा वाटलं, आत्ता कुठे, लहान आहे, धडधाकट आहे. आता सात वर्षांचा झाला. मला नेहमी सगळं उशिरा का सुचतं? मनीच्या वेळीही रक्त तपासायला उशीरच केला होता. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून टाकायचा पदार्थ, वाढलेलं दिसेपर्यंत मांजराच्या मूत्रपिंडांचं तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असो.

पॉलिसीचे कागद दोनदा वाचले. सुरुवातीचा प्रतीक्षा काळ, त्यात आजार झाला तर पैसे नाहीत. प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक रक्कम आपली. वर्षाची मर्यादा. लसीकरण नाही, दात साफ करणं नाही. वय वाढेल तसा हप्ता वाढत जाणार. या कशाचंच मला फार वाटलं नाही. पण शेवटच्या पानावर होतं की दवाखान्याचं बिल आधी आपण भरायचं आणि मग पावत्या पाठवून पैसे परत मागायचे. तिथे मी बराच वेळ थांबले. मी विमा कशासाठी काढत होते? तो प्रश्न पुन्हा तोंडातून येऊ नये म्हणून. आणि विमा काढूनही मी त्याच टेबलापाशी उभी असणार, तेच विचारत.

न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमध्ये १९८४ साली पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली. त्याचा अभ्यास १९८७ मध्ये छापून आला. उपचार मिळालेल्यांतली ९० टक्के वाचली, हे सगळीकडे कौतुकाने सांगतात. पण त्या १३२ पैकी १७ मांजरांना त्यांच्या माणसांनीच इंजेक्शन देऊन झोपवायला सांगितलं होतं, आणि बहुतेकांचं कारण जखमा हे नव्हतं, खर्च झेपणार नाही हे होतं. मी हे बऱ्याच दिवसांपूर्वी वाचलं. पडून वाचलेली मांजरं विसरले, ते १७ जण डोक्यातून जात नाहीत. मांजरं नव्हेत, माणसं. त्यांनीही आधी आकडाच विचारला असेल. त्यांना मी कधीच वाईट म्हटलं नाही. आज लिहिता लिहिता लक्षात आलं की त्यांना म्हटलं नाही ते मी स्वतःला मात्र इतकी वर्षं म्हणत आलेय.

आकडा विचारावाच लागतो. पैसे माझेच आहेत आणि ते मोजकेच आहेत. तो कधी विचारायचा, एवढंच माझ्या हातात आहे.

मग उठले, कागद घेतला आणि गोट्यासाठी मी कुठपर्यंत जाऊ शकते तो आकडा लिहिला. आज लिहिला, तो समोर खुर्चीत पाय वर करून झोपलेला असताना. लिहिताना रडू आलं, पण खोडला नाही. हप्ता कमी आणि आपला वाटा जास्त अशी पॉलिसी घ्यायची. दोरा, मूत्रपिंड, हृदय, साखर, जे अजून झालेलं नाही ते तिच्यात. लघवीचं वगळतील तर वगळू देत, त्यासाठी वेगळं खातं उघडून दर महिन्याला हप्त्याएवढेच पैसे तिथे टाकायचे, म्हणजे बिल भरायच्या वेळी हातात काहीतरी असेल. कागद घडी करून त्याच्या फाइलमध्ये ठेवला. पुढच्या वेळी डॉक्टर ॲडमिट म्हणाले की आधी दुसरा प्रश्न विचारायचा.

'लक्षणे दिसली आहेत का' समोर 'हो' केलं. खाली तारीख, औषधं, सगळं लिहिलं. शून्य तसंच ठेवलं.

आत्ता लिटर बॉक्समध्ये खरवडल्याचा आवाज आला. लिहिणं थांबवून कान देऊन बसले. तो बाहेर आला, पाय झटकले, पाण्याकडे गेला. जाऊन बघितलं. लघवीने लिटरचे झालेले दोन गोळे, दोन्ही माझ्या मुठीएवढे.