ओटीच्या ब्लाउजपिसांचे कापडी बॉक्स: मापं, बकरम आणि भेट देण्याजोगं फिनिशिंग

घरोघरी कपाटाच्या तळाशी ब्लाउजपिसांची एक गठडी असते. ओटीत आलेली, हळदीकुंकवाला मिळालेली, रंग आवडला तरी ज्यांचं ब्लाउज कधी शिवलं जाणार नाही अशी. पुढे कोणाला तरी देऊन टाकण्यापेक्षा त्यांचे कापडी बॉक्स शिवावेत असं मला मनापासून वाटतं. बारशाला, भाऊबीजेला, रुखवतात किंवा संक्रांतीच्या वाणाला द्यायला ही वस्तू फार चांगली आहे. फक्त एक अट आहे. बॉक्स रिकामा असतानाही ताठ उभा राहिला पाहिजे आणि मळला तर धुता आला पाहिजे. नाहीतर कितीही सुंदर खण वापरला तरी घेणाऱ्याच्या घरी तो पुन्हा कपाटाच्या तळाशी जातो.

म्हणून सुरुवात कापडापासून न करता मापापासून करायची. बॉक्समध्ये काय ठेवलं जाणार आहे ते आधी ठरवा आणि त्यावरून तळाची लांबी, तळाची रुंदी आणि उंची कागदावर लिहा. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, सगळीकडे अर्धा इंच, म्हणजे चार सूत. खणाचे दोरे भराभर निघतात, त्यामुळे दोन सुतांची माया ठेवली तर उलटवताना कोपऱ्यातून शिवण सुटते.

गणित असं आहे. तुकड्याची रुंदी म्हणजे तळाची लांबी अधिक तळाची रुंदी अधिक 1 इंच. तुकड्याची उंची म्हणजे बॉक्सची उंची अधिक तळाच्या रुंदीचा निम्मा भाग अधिक 1 इंच. असे दोन तुकडे बाहेरच्या कापडाचे आणि दोन अस्तराचे. प्रत्येक तुकड्याच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून चौकोन कापून काढायचा, त्याची बाजू तळाच्या रुंदीच्या निम्मी. हा चौकोन कापडाच्या कडेपासून मोजायचा, शिवणीच्या रेषेपासून नाही. इथे गफलत झाली की तळाची रुंदी ठरवलेल्या मापापेक्षा एक इंचाने वाढते आणि उंची अर्धा इंच कमी भरते.

6 बाय 6 इंच तळ आणि 5 इंच उंची हवी असेल तर तुकडा 13 बाय 9 इंचांचा आणि कोपऱ्यातला चौकोन 3 इंचांचा. बाळाच्या झबल्या-लंगोटांसाठी आयताकृती बॉक्स हवा असेल तर तळ 9 बाय 6, उंची 5. मग तुकडा 16 बाय 9 होतो, चौकोन तोच 3 इंचांचा. वाणासाठी छोटा, 4 बाय 4 तळाचा आणि 3 इंच उंचीचा केला तर तुकडा 9 बाय 6 आणि चौकोन 2 इंचांचा. पहिला बॉक्स 6 इंची करा. छोटे बॉक्स दिसायला सोपे वाटतात, पण मशीनखाली हाताला जागाच मिळत नाही.

तळ आणि दोन भिंती मिळून एकच लांब पट्टी कापणारेही बरेच जण आहेत. तळाची एक शिवण वाचते हे खरं, पण खणावर कोयरी किंवा मोर असेल तर तो एका बाजूला सरळ आणि दुसऱ्या बाजूला डोक्यावर उभा राहतो. दोन वेगळे तुकडे घेतले की दोन्हीकडे नक्षी सरळच येते.

खण कसा बसवायचा

कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातलं गुळेदगुड्ड खणासाठी ओळखलं जातं आणि तिथला खण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, बेताचा असतो, साधारण 30 इंच, आणि दोन्ही कडांना काठ. 80 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या तुकड्यात 13 इंचांचे दोन भाग लांबीत बसतात आणि 9 इंचांचे तीन पन्ह्यात. सहा तुकडे, म्हणजे तीन बॉक्स. त्यातल्या दोन बॉक्सांना वरच्या कडेला काठ मिळतो, मधल्या पट्टीतून निघणारा तिसरा बिनकाठाचा होतो. त्याला वरून वेगळ्या रंगाचा गोट, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेली पट्टी, लावा, छान दिसतो.

काठ बॉक्सच्या तोंडाशी ठेवायचा तर चार सूत मायेत जातात हे लक्षात असू द्या. काठ एक इंचाचा असेल तर अर्धाच दिसेल. फार अरुंद काठ असेल तर तो तोंडाशी आणण्याचा आग्रह सोडून द्यावा. खालच्या काठातून कापलेले तुकडे फिरवून घ्यावे लागतात, तेव्हा नक्षीला वर-खाली आहे का ते कापण्याआधी पाहा.

रंग जातो की नाही ते आधीच तपासा. ओला पांढरा रुमाल खणाच्या कोपऱ्यावर ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची. रुमालाला रंग लागला तर आत फिकं अस्तर नको. अस्तराला पॉपलिन, जुनी सुती साडी किंवा चांगल्या स्थितीतली चादर चालते. मांजरपाट स्वस्त पडतो, पण तो पाण्यात चांगलाच आटतो. म्हणून कोणतंही सुती अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापा. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटलं की बाहेरच्या खणाला चुन्या पडतात, आणि त्या पुन्हा जात नाहीत.

ताठपणा कशाने येतो

मधल्या थरासाठी कॉलरला लावतात तो इस्त्रीने चिकटणारा जाड बकरम मला सगळ्यात बरा वाटतो. तो दुकानात पेस्टिंग म्हणूनही मागितला जातो. फोम लावलेला बॉक्स गुबगुबीत, मऊ दिसतो, पण उलटवायला त्रास देतो. तांदळाच्या गोणीचा तुकडा आत घालून पिशव्या शिवतात तसा बॉक्सही शिवता येतो. मात्र गोणी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची विणलेली असते, इस्त्री लागली की आकसते आणि बारीक टीप मारली की टिपेच्या रेषेवर फाटत जाते. पुठ्ठा भिंतींत कधीच नको. धुता येत नाही.

बकरम कापडाएवढा कापू नका. 13 बाय 9 च्या तुकड्याला बकरम 12 बाय 8 घ्या आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यांतूनही 3 इंचांचेच चौकोन काढा. कापडाच्या उलट बाजूला मधोमध ठेवला की चारी बाजूंनी आणि खाचेतसुद्धा चार सूत कापड मोकळं राहतं. बकरम मायेत गेला नाही की शिवण जाड होत नाही, सुई मोडत नाही, कोपरे टोकदार निघतात. शिवाय बकरमाची कडच शिवणीची रेषा होते, खडूने वेगळी आखायला नको.

चिकटवताना इस्त्री घासायची नाही. मध्ये सुती कापड ठेवून एका जागी आठ-दहा सेकंद दाबायची, उचलायची, पुढे ठेवायची. घासली की खण तिरका ओढला जातो आणि तसाच चिकटतो. हल्लीच्या बऱ्याच खणांत कृत्रिम धागा असतो, त्यामुळे आधी एका कतरणीवर उष्णता पाहून घ्या. चिकटवल्यावर कापड पूर्ण गार होईपर्यंत उचलू नका. गोंद गरम असताना हलवलं तर मध्ये फुगे येतात.

शिवण

सुई 16 नंबरची नवी, दोरा पॉलिस्टरचा, टाका नेहमीपेक्षा थोडा मोठा, 3 मिलिमीटरच्या आसपास. बोथट सुई खणाचे दोरे ओढते आणि कापडावर आडवी रेघ उमटते.

खणाच्या दोन्ही सुलट बाजू समोरासमोर ठेवा. आधी दोन्ही बाजूंच्या शिवणी मारा, आणि प्रत्येक शिवण तोंडाकडून तळाकडे. काठ तोंडाशी आहे, तिथे दोन तुकड्यांचे काठ टाचणीने तंतोतंत जुळवून सुरुवात केली तर कापड थोडं सरकलं तरी फरक खाली खाचेत जातो, कोणाला दिसत नाही. मग तळाची शिवण. सगळ्या माया फाकवून इस्त्री करा. ही इस्त्री टाळली तर पुढचं काही नीट बसत नाही.

आता कोपरे. खाचेपाशी धरून बाजूची शिवण आणि तळाची शिवण एकमेकींवर आणा, खाचेच्या कडा ओढून एक सरळ रेषा होते. दोन्ही शिवणी अगदी समोरासमोर येतील अशी मधोमध टाचणी लावा आणि मधूनच सुरुवात करून आधी एका टोकाकडे, मग दुसऱ्या टोकाकडे शिवा. एका टोकाहून दुसऱ्याकडे सरळ शिवत गेलं तर दाबपट्टी वरचं कापड पुढे ढकलते आणि मधली शिवण एक-दोन सुतांनी सरकते. बाहेरून पाहिलं की बॉक्स पिळवटल्यासारखा दिसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. कोपऱ्याच्या शिवणीला दोन्ही टोकांना उलटी टीप द्यायला विसरू नका. उलटवताना सगळा ताण तिथेच येतो.

अस्तरही याच पद्धतीने, दोन फरकांसह. तळाच्या शिवणीत मध्ये 4 इंच उघडे ठेवायचे, उलटवण्यासाठी. आणि बाजूच्या शिवणी तोंडाशी चार सुतांवर सुरू करून तळाकडे हळूहळू पाच सुतांवर न्यायच्या, तळाची आणि कोपऱ्यांची शिवणही पाच सुतांवर मारायची. अस्तर आत बसतं, म्हणून ते बाहेरच्या कापडाहून किंचित लहान हवं. सारख्याच मापाचं केलं तर ते तळाशी गोळा होतं आणि बॉक्समध्ये हात घातला की ढिलं लागतं. तोंडाशी मात्र माप सारखंच राहिलं पाहिजे, नाहीतर जोडताना चुन्या घालाव्या लागतील.

जोडताना बाहेरचा बॉक्स सुलट आणि अस्तर उलट ठेवा, बॉक्स अस्तराच्या आत सरकवा. सुलट बाजूला सुलट बाजू लागते. बाजूच्या शिवणी जुळवा, तोंडाभोवती चार सुतांवर टीप मारा, अस्तरातल्या उघड्या जागेतून सगळं बाहेर काढा. बकरम उलटवताना चुरगळतो. घाबरायचं कारण नाही, इस्त्रीने तो सरळ होतो. उघडी जागा हाताने बारीक टाक्यांनी बंद करा, अस्तर आत ढकला, तोंडाची कड बोटांनी अशी फिरवा की अस्तर बाहेरून दिसणार नाही, आणि इस्त्री करा.

शेवटची टीप कडेपासून दोन सुतांवर. तिने बॉक्सला खरा आकार येतो. घरातल्या काळ्या मशीनला बाही घालायची नळी नसते, त्यामुळे बॉक्स मशीनवर चढवता येत नाही. मग दाबपट्टी बॉक्सच्या आत येईल असं तोंड मशीनवर पसरायचं आणि अस्तर वर ठेवून शिवायचं. खण खाली असतो, म्हणून बॉबिनचा दोरा खणाच्या रंगाचा भरा. बाजूच्या शिवणींवर थर वाढतात, तिथे पायडलवरचा पाय उचलून हाताने चाक फिरवा. 7 इंचांहून उंच बॉक्स अशा मशीनवर वळवताना फार अडतो. उंच बॉक्स करायचाच तर तळ मोठा ठेवा.

फोमचा बॉक्स असेल तर उलटवण्याची पद्धत सोडा. 4 इंचांच्या फटीतून फोम बाहेर काढताना शिवणी उसवतात. त्याऐवजी बाहेरचा बॉक्स सुलट करून त्यात अस्तर उलट बाजू बाहेर ठेवूनच बसवा. त्या अस्तरात फट ठेवायची गरज नाही. तोंडाला 2 इंच रुंद पट्टीचा गोट लावा. या पद्धतीत तोंडाची माया दुमडली जात नाही, त्यामुळे बॉक्स अर्धा इंच उंच होतो. ते नको असेल तर तेवढं वरून कापून टाका. 6 इंची बॉक्सच्या तोंडाचा घेर 24 इंच, पट्टी 26 इंच पुरते. गळ्याला लावतो तशी उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी इथे लागत नाही, कारण कड सरळच आहे. उभ्या धाग्यातली सरळ पट्टी कमी कापडात निघते आणि ताणलीही जात नाही. फोम दाबपट्टीला चिकटत असेल तर वर वर्तमानपत्राचा कागद ठेवून शिवा आणि नंतर फाडून काढा.

तळाला वेगळी पाटी हवीच. त्याशिवाय बॉक्स उचलला की मधली शिवण खाली लोंबते. 6 इंची तळाला पावणेसहा इंचांचा जाड पुठ्ठा किंवा सनबोर्ड कापा, कोपरे गोल करा, नाहीतर अस्तराला भोक पडतं. अस्तराच्या कापडाची एका बाजूने उघडी खोळ शिवून पाटी तिच्यात सरकवा. धुताना पाटी बाहेर काढायची.

भेट देताना एका चिठ्ठीवर धुण्याची पद्धत लिहा: थंड पाणी, हाताने, न पिळता, सावलीत, इस्त्री आतून. पोस्टाने पाठवायचा असेल तर बकरमाचा बॉक्स पाटी काढून बाजूच्या शिवणींवर सपाट दुमडता येतो. पाटी त्याच्याच पाठीशी ठेवली की पाकीट पातळ होतं आणि वाटेत बॉक्सला घड्याही पडत नाहीत. फोमचा मात्र दुमडू नका. फोमवर पडलेली घडी राहतेच.