पावसाळ्यात कोंबड्यांच्या आवारातील चिखल : माझा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत ओवळे येथे, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी आमचे जुने घर आहे. परसात आठ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा असून, त्यांच्यासाठी 12 फूट बाय 18 फुटांचे जाळीचे आवार व त्यात पत्र्याचे खुराडे केले आहे. मे महिन्यात तिथली जमीन दगडासारखी टणक असते. जुलैत मात्र माती, पाणी आणि विष्ठा एकत्र कालवली जाऊन घोट्यापर्यंत पाय रुतेल असा, नाकाला झोंबणाऱ्या वासाचा रेंदा होत असे.

पहिल्या पावसाळ्यात मी त्यावर भाताचा पेंढा अंथरला. दोन दिवस आवार छान दिसले, मग पेंढा भिजून त्याचा काळा, बुळबुळीत थर झाला व त्यावर बुरशी धरली. बुरशीमुळे कोंबड्यांना श्वसनाचे विकार होतात, म्हणून तो सगळा फावड्याने ओढून काढावा लागला. नंतर लाल माती टाकली, तिने चिखलाची जाडी तेवढी वाढवली.

त्याच सुमारास एक कोंबडी लंगडू लागली. तिला उचलून पाहिले, तर बोटांना सुपारीएवढे चिखलाचे गोळे वाळून चिकटले होते आणि तळव्यावर मसुरीच्या दाण्याएवढी काळी खपली होती. पशुवैद्यकांनी आत पू झाल्याचे सांगून उपचार केले. शिवाय ओल्या, उबदार जमिनीत रक्ती हगवणीचे परोपजीवी फोफावतात आणि पिल्लांना त्यांचा धोका अधिक असतो, हेही बजावले. मी तिचा पाय कोमट पाण्यात धुवत बसले असताना सासूबाई म्हणाल्या, “अगं, वर काय टाकायचं ते नंतर ठरव. पाणी येतंय कुठून ते आधी बघ.”

पुढच्या जोरदार सरीत मी छत्री घेऊन अर्धा तास आवारात उभी राहिले. खुराड्याच्या पत्र्याची पागोळी थेट आवारात पडत होती. छप्पर अवघे 8 फूट बाय 10 फुटांचे. पण दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, तर तेवढ्यावरून सुमारे 740 लिटर पाणी खाली येते, हा हिशेब मी तोवर कधी केलाच नव्हता. दुसरे पाणी चढाच्या बाजूने, जाळीखालून झिरपत होते.

पत्र्याला प्लास्टिकच्या पाइपाची उभी चिरून केलेली पन्हळ लावली आणि ते पाणी बाहेर केळीच्या आळ्यात सोडले. चढाच्या बाजूला जाळीबाहेर दीड फूट खोल चर खणून त्यात दगड भरले. मग उघडीप मिळताच आवारातला तीन-चार इंच रेंदा खरवडून काढला. या कामाला तीन रविवार गेले, पाठ मोडून गेली. तरी ही पायरी कोणी टाळू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण रेंद्यावर घातलेली कोणतीही वस्तू त्यातच बुडते.

त्यानंतर छाटलेल्या फांद्यांचे, अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे सहा इंच जाडीने पसरले. जवळपास 30 गोणी लागल्या. वखारीतला बारीक भुसा मी घेतला नाही, कारण तो पाणी धरून घट्ट बसतो. प्लायवूडचे किंवा रंगवलेल्या लाकडाचे तुकडे, त्यातील डिंक व रसायनांमुळे, कटाक्षाने टाळले. जाड तुकड्यांमधून पाणी खाली निघून जाते, कोंबड्या उकरून थर सतत वरखाली करतात आणि विष्ठा लाकडाबरोबर हळूहळू कुजत असल्याने वासही पुष्कळ कमी होतो.

हिरवळीसाठी लावलेल्या दूर्वा कोंबड्यांनी चार दिवसांत मुळासकट उकरल्या होत्या. आता चार इंच उंचीच्या लाकडी चौकटींवर जाळी ठोकून त्याखाली दूर्वा वाढवते; जाळीवर येणारी पाती त्या टोचून खातात, मुळे मात्र सुरक्षित राहतात.

दिवाळीनंतर तळाचा कुजलेला थर चाळून खड्ड्यात टाकते आणि काही महिने पूर्ण मुरल्यावरच भाजीला घालते, कारण कोंबडीच्या ताज्या खताने मुळे जळतात. मेअखेरीस वर नव्या तुकड्यांची भर पडते. यंदाच्या पावसात फक्त पाण्याच्या भांड्याभोवती चिखल झाला. तिथे खडी घालून भांडे आता दोन विटांवर ठेवले आहे.