पाच रुपयांचा पुडा

ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याजवळच्या तळावर मुलांचे दंडघेर मोजत होतो. दीड वर्षाची एक मुलगी, वजन ७.६ किलो, दंडघेर ११.८ सेंमी. ११.५ च्या खाली गेलं की तीव्र कुपोषण, म्हणजे ही काठावर. पायांवर सूज नाही, भूक चांगली. दिवसभर काय खाते विचारल्यावर तिच्या आठ वर्षांच्या बहिणीनं बिस्किटाचा रिकामा पुडा पुढं केला.

हिशेब मांडला तर आईचं काही चुकत नव्हतं. पाचाच्या पुड्यात सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी, सात रुपयांच्या अंड्यात जेमतेम सत्तर-पंचाहत्तर. शिवाय पुड्याला चूल लागत नाही. आई पहाटे चारला उसाच्या फडात तोडणीला जाते, मागं ही पोर बिस्किट पाण्यात बुडवून धाकटीला भरवते. प्रथिनं मात्र तीन-चार ग्रॅमच, तीही मैद्याची.

मुकादमाची (मजूर आणणाऱ्या ठेकेदाराची) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, गावाकडच्या कर्जातच जिरलेली. रेशन कार्ड म्हाताऱ्यांपाशी, आणि ते इथं असतं तरी गहू-तांदूळच मिळाला असता. रोख हातात येते ती वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून, रोजची रोज. ती तेल, मिरची, चहापत्तीत जाते. अशा घरात ‘दूध, अंडी, डाळ द्या’ हे सांगणं म्हणजे नुसतं कागद भरणं.

पुड्याच्याच पैशांत बसेल असं शेंगदाणा-गूळ सांगितलं. २०० ग्रॅम दाणे मंद आचेवर भाजायचे, सालं काढायची, कूट पिठासारखं बारीक करायचं (जाड कण लहानग्याच्या घशात अडकतात), त्यात १०० ग्रॅम किसलेला गूळ. हा आठवड्याचा डबा. रोज ४० ग्रॅम, दोन-तीनदा मिळून, पाण्यात कालवून. त्यातून साधारण दोनशे कॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिनं. खर्च पस्तीस-छत्तीस रुपये, म्हणजे रोजच्या एका पुड्याइतकाच. काळपट, खवट दाणा दिसला की फेकायचा, बुरशीचं विष भाजल्यानं पूर्ण जात नाही.

अडलं ते पस्तीस रुपये एकदम काढण्यावर. दुकानदार पाचाचा पुडा उधारीवर देतो, पाव किलो दाणे देत नाही. शेवटी शेजारच्या तीन कोप्यांनी (झोपड्यांनी) बाजाराच्या दिवशी मिळून किलोभर घ्यायचे ठरवले. थोरलीचा वाटा वेगळा धरायला लावला, नाहीतर डबा तीन दिवसांत रिकामा. वजन दर आठवड्याला. ते घसरलं तर पोषण पुनर्वसन केंद्र, जिथं कुपोषित मुलांना दाखल करून घेतात, पण तिथं आईला मुक्काम करावा लागतो आणि मुकादम त्या दिवसांचा खाडा लावतो, म्हणजे पैसे कापतो.