पियानो पुढे, व्हायोलिन मागे

काल आईला घेऊन सिव्हिल लाइन्समधे व्हायोलिन-पियानोच्या प्रोग्रामला गेलो होतो, बाहेर तो नागपूरचा उकाडा अन् आत सीझर फ्रँक या संगीतकाराचा सोनाटा (म्हणजे वाद्यांसाठीची, काही भागांची मोठी रचना), अजून डोक्यातून जातच नाहीये! फ्रँकने हा १८८६ मधे युजेन इझाई या व्हायोलिनवादकाला लग्नाची भेट म्हणून दिला होता, काय भेट आहे राव. त्याच वर्षी ब्रसेल्समधे, एका चित्रसंग्रहालयात तो जाहीरपणे वाजला तेव्हा दिवे लावायची परवानगीच नव्हती म्हणे, अंधार पडला तरी इझाई आणि पियानोवादक अशा दोघांनी उरलेला भाग चक्क पाठ वाजवला.

शेवटच्या भागात पियानो सूर सुरू करतो आणि व्हायोलिन एक बार (म्हणजे तालाचा एक छोटा तुकडा) मागून तेच म्हणत येतं. आपल्याकडे पेटी गायकाच्या मागे मागे जाते ना, इथे बरोब्बर उलटं, आणि कालच्या दोघांनी ते इतकं सहज केलं की आई मधेच माझा हात दाबून म्हणाली, "अरे, एकमेकांचं ऐकतायत बघ किती."

पियानोला मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) घेता येत नाही पण काल त्या बाईंच्या हाताखाली सूर तुटल्यासारखे वाटलेच नाहीत, आणि व्हायोलिन अगदी हळू असतानाही शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होतं. घरी येऊन मी परत तोच शेवटचा भाग लावला, आई पण झोपली नाही.