रकाना सात

कोल्हापुरात कचरा वेचणाऱ्या बायका किती, हे काढायला निघालो आणि पहिले पाच आठवडे एका रकान्यानं खाल्ले. परवानगीच्या अर्जातला रकाना सात: 'अभ्यासगटाची एकूण संख्या'. मी लिहिलं, 'माहीत नाही, तीच काढायची आहे'. अर्ज परत. 'अंदाज काढणार' असं लिहिलं. पुन्हा परत, लाल पेनानं गोल करून. तिसऱ्यांदा स्वतःच गेलो.

"साहेब, यांची पुरी यादी कुठंच नाही."

"मग अभ्यास कुणाचा करणार?"

शेवटी रंकाळ्यातल्या माशांचं उदाहरण काढलं. जाळ्यात येतील त्यांना खूण करून सोडायचं, थोड्या दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. खुणेचे जितके कमी सापडतील, तितके तळ्यात मासे जास्त. समजा, आधी १२० बायकांना लाल कीचेन दिली, नंतर १०० भेटल्या, त्यांत ३० जणी कीचेनवाल्या निघाल्या. १२० गुणिले १००, भागिले ३०. साहेबांनी कॅल्क्युलेटर ओढला. "चारशे. मग चारशे लिहा की ओ!"

संख्याशास्त्रज्ञ चंद्रशेखरन आणि डेमिंग यांनी १९४९ साली याच हिशेबानं जन्म-मृत्यूच्या दोन याद्या ताडून सुटलेल्या नोंदींचा अंदाज काढला होता. तो लेखही जोडला. पिन होती तशीच परत आली. पाचव्या आठवड्यात हात टेकले आणि रकान्यात १००० ठोकले. दुसऱ्या दिवशी सही!

फेऱ्यांना त्यामानानं काहीच वेळ लागला नाही. फक्त कीचेन दाखवा म्हणू नका, मिळाली होती का ते विचारा. लक्ष्मीपुरीत एक मावशी म्हणाल्या, "ती व्हय? नातवानं पळवली." अशा चार जणी गाळल्या की अंदाज उगीच फुगतो. उलट दोन्ही फेऱ्या त्याच कोपऱ्यावर, त्याच वेळी केल्या की त्याच बायका भेटतात आणि आकडा खाली येतो. आणि हो, नवरात्रात जाऊ नका. अंबाबाईच्या गर्दीत बाहेरची माणसं मिसळतात, तळंच बदलतं. कीचेनवाली एकही भेटली नाही तर शून्यानं भागायची वेळ येते, म्हणून चॅपमनचं सूत्र वापरा: तिन्ही आकड्यांत एक-एक मिळवायचा, उत्तरातून एक वजा करायचा. वरच्या उदाहरणात ते ३९३ देतं.

परवानगीचं पत्र आता फायलीत आहे. विषय: 'शहरातील १००० कचरावेचक महिलांचा अभ्यास'. खाली गोल शिक्का.